आबुएला, अंकलच्या घरातली

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी.
हाव, शिकणार म्हंजी शिकणार! साठीला काय जीभ गंजती? माझी पोरगी तृप्ती स्पेनला, जावई तिकडलाच. नात मीना सहा वर्षांची, बोलती निसती स्पॅनिश. रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणती, "ओला." मी म्हणते, ओला कुठला बाई, हरभरा वाळून खडखडीत झालाय. तृप्ती म्हणती, आई, ते 'हॅलो' हाये.
रोज दहा शब्द. रविवारपर्यंत साठ. बिलकुल पक्कं.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
शब्द एक. पण वजनदार. आबुएला, म्हंजी आजी. बाकीचे एकोणतीस राह्यले, कारण समोरचा दात हालून राह्यला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
तातेराव मास्तर चहाला आल्ते. इंग्लिशचे, आता रिटायर. मोबाइलात पाहून म्हणले, लॅटिनमधी आजा म्हंजी आवुस, आजी आविया, लाडानं आविओला. तिचीच झाली आबुएला. अन् त्याच आवुसच्या घरात मामाला म्हणायचे आवुंकुलुस, म्हंजी धाकला आजा. त्याचा इंग्लिशमधी झाला अंकल.
मी म्हणलं, मंग आपुन नात्यातलेच की, अंकल!
मास्तर अर्धा चहा ठेवून गेले. आजचे दहा शब्द बुडाले ते त्यांच्यापायी.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
शब्द अजून एकच. पण पाठ! म्हशीला म्हणून दाखवला. तिनं मान डोलावली. उद्या मीना हरखणार.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी.
ठेवणीतलं पातळ नेसले. फोन लागला. छातीवर हात ठेवून म्हणलं, आबुएला!
मीना म्हणली, नो. पळत गेली अन् एका गोऱ्या म्हातारीला हाताला धरून आणलं. जावयाची आई. तिच्याकडं बोट करून म्हणली, आबुएला. अन् तिच्या मांडीवर बसली.
म्हातारीनं हसून हात हलवला. मीबी हलवला. दुसरं काय करावं?
रेंज गेली म्हणून फोन कट केला.

सोमवार, १० फेब्रुवारी.
तृप्तीला इचारलं, मंग मी कोण तिची? अंकल?
ती हसली न्हाई. म्हणली, आई, तू 'आजी'. दोन वर्षांची होती तव्हा शिकवल्तं तिला. तुला फोन लावला की रिंग वाजतीया तवर आजी, आजी करायची. मंग इसरली.
मी म्हणलं, तव्हा इथं रेंजच नव्हती.
रेंज होती. तृप्तीनं परक्याशी लग्न केलं म्हणून पाच वर्षं मीच फोन उचलला न्हाई.