बरसीसाठी आणलेला डबा

अब्बा,

आधी फक्त जे झालं ते लिहिते.

१. रविवारी संध्याकाळी अम्मीने मी जपानहून आणलेल्या बिस्किटांच्या दोन डब्यांपैकी एक उघडला. तिने दोन खाल्ली, शेजारच्या खालांनी तीन, मी चार.

२. अम्मीला ती इतकी आवडली की आपल्या बेकरीवाल्याकडून तशीच करून घ्यायची तिने ठरवलं. त्यात काय काय असतं ते बघून सांग, असं ती मला म्हणाली.

३. आज, मंगळवारी सकाळी, मी डब्यावरचा जपानी मजकूर फोनवर भाषांतर करून वाचला. मैदा, साखर, डुकराची चरबी. दुसऱ्या ॲपवर पुन्हा वाचला. तेच आलं.

४. दुसरा डबा बंद आहे. शुक्रवारी तुमच्या बरसीला, तुम्ही गेलात त्या तारखेला, त्यावर फातिहा पढली जाईल आणि मग तो मोहल्ल्यात वाटला जाईल.

५. हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

घरात आपण कधी मराठीत बोललो नाही. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण मराठी शाळेत मला तुम्हीच घातलंत आणि नेमकं लिहायचं असलं की मला हीच भाषा सुचते. वाचल्यावर मी ओट्यापाशी उभी होते. गॅसवरचं दूध वर आलं, कडेवरून सांडलं, शेगडीत गेलं, आणि ते सगळं मी बघत होते. मागून अम्मी म्हणाली, "देख क्या रही, बंद कर ना." मी गॅस बंद केला. माझं काम पुण्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासायचं आहे. सहीशिवाय तिथून एक बोल्ट बाहेर जात नाही, आणि ती सही माझी असते.

कारखान्याने जपानला पाठवलेलं प्रशिक्षण संपल्यावर शेवटचे दोन दिवस आम्ही तिघीजणी तिथल्या दक्षिणेकडच्या एका बेटावर गेलो होतो. तिथे जुन्या बाजाराची एक लांब, वरून छत घातलेली गल्ली आहे. एका बाजूला मातीचे छोटे सिंह, कापडी पंखे, चावीला लावायच्या घंट्या. दुसऱ्या बाजूला लोणची, सुकी मासळी, जांभळ्या रताळ्याच्या वड्या. मटणवाल्याच्या दुकानात डुकराचं अख्खं तोंड मांडलेलं होतं. मी मान वळवून पुढे गेले. मी किती जपत होते ते सांगते. तळलेल्या रताळ्याचं तेल कोणतं, हे फोनवर लिहून दुकानदाराला दाखवलं. सूप नुसतं हुंगून परत केलं. दुपारपर्यंत अननस आणि उकडलेलं अंडं एवढंच पोटात होतं, आणि सोबतच्या दोघी मला हसत होत्या. मग एका म्हातारीच्या दुकानात बिस्किटांचे तुकडे ताटलीत चाखायला ठेवलेले दिसले. मी एक तोंडात टाकला. तो जिभेवर वाळूसारखा सुटला आणि मी आपल्या ढाणकीत होते, लहान.

ईदच्या चार दिवस आधी तुम्ही मला लुनावर पुढे उभं करता. मागे डबा बांधलेला असतो: आपला मैदा, आपली साखर, आपला डालडा. बेकरीत बाकावर आपण दोन-दोन तास बसतो, आपल्या ट्रेवर दुसऱ्याचा माल येऊ नये म्हणून. नानखटाई भट्टीतून निघाली की पहिली तुम्ही खाता, गरम, फुंकत. तिच्यात काय आहे हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही, कारण ते आपणच घरून नेलेलं असायचं. त्या गल्लीत अनोळखी असलेली प्रत्येक गोष्ट मी तपासली. ओळखीची वाटली ती एकच तपासली नाही. दोन डबे घेतले.

नकळत खाल्लं त्याचा गुन्हा होत नाही, हे मलाही माहीत आहे, अम्मीलाही. अडचण ती नाही. मी जपानला निघाले तेव्हा खाला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, अकेली लड़की, वहाँ क्या-क्या खाती होगी. अम्मीने त्यांना एवढंच सांगितलं, "मेरी बेटी देख के खाती है." रविवारी खालांच्या हातात बिस्किटं देताना तिने हेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हसून. ते वाक्य मला तिच्याकडून काढून घ्यावं लागणार आहे. नाहीतर दुसरा मार्ग सोपा आहे. दुसरा डबा रिकामा करायचा, त्यात बेकरीतली नानखटाई भरायची, आणि गप्प बसायचं. आकार जवळपास सारखा आहे.

पण मग फुलसावंगीचा तो दिवस आठवतो. मी दहा वर्षांची. तुम्ही रिवाइंडिंग करून दिलेल्या एका पंपाच्या मोटरीत तारांच्या एका जोडावर स्लीव्हची नळी घालायची राहिली होती, हे तुम्हाला दोन दिवसांनी, जेवताना आठवलं. ताट तसंच ठेवून तुम्ही उठलात, मला मागे बसवलंत. भर उन्हात शेतात पोचलो तर मोटर मजेत चालू. शेतकरी हसायला लागला. "मिस्त्री, चालून राह्यली ना मोटर. कायले एवढं ऊन खात आले?" तुम्ही हसला नाहीत. "चालून राह्यली म्हणूनच आलो भाऊ. बॉडीले करंट आला असता त मंग कोणाले सांगतो? चूक माही हाय. बंद करा." परत येताना मी म्हणाले, किसी को मालूम नहीं पड़ता. तुम्ही गाडी थांबवलीत, खाली उतरलात, आणि आवाज न चढवता मला म्हणालात, "कैसे नहीं? मेरे को मालूम है ना." मग गाडी पुन्हा सुरू केलीत.

बंद डबा आत्ता तुमच्या पान्यांच्या पेटीत आहे, वर तुमचं जुनं फडकं टाकून. ती पेटी कुणी उघडत नाही. हे पत्रही तिथेच जाईल.

क्रमांक सहा वर लिहायचा राहिला. त्या दुकानात डब्यामागचा मजकूर समोर होता आणि फोन माझ्या हातात होता. मी फोटोही काढला. भाषांतराचं बटण दाबलं नाही, कारण तुकडा तोवर खाऊन झाला होता, आणि मला वाटलं होतं की विचारलं तर कळेल. म्हणजे मला थोडं माहीत होतं, अब्बा.

अम्मीला मी सांगावं की नाही, ते गुरुवारी दुपारी, असरच्या अजानआधी कळवा.