दर्याखानाची उंची

९ जानेवारी १९५६

उघडायचीच! पुण्याच्या प्रोफेसरांचं पत्र आलं — आमचा मोहल्ला ज्याचा उरूस भरवतो त्या दर्याखानाची जुनी कबर उघडून हाडं मोजायची, खान खरंच सात फूट होता का ते एकदा ठरवायचं. मोहल्ल्याची संमती मी मिळवायची. काम झालं तर त्यांच्या खात्यात सहायकाची जागा माझी! जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातली पहिली बी. ए. — आणि थेट संशोधनात!

१० जानेवारी

अब्बा हौदातला कागदाचा लगदा ढवळत होते. हात न थांबवता म्हणाले, "माझ्या लहानपणी कबर नऊ हात व्हती. दर उरुसाला चुन्याचा थर चढतो. आता अकरा हात झाली. मेल्यावर दोन हात वाढलेला माणूस तू मोजून कमी करणार व्हय गं, साबेरा?"

अमिरुन्निसा फुफी (अब्बांची बहीण) सुपातून मान वर न काढता — "खानाला इचारलंस का?"

मेलेल्याला कसं विचारणार?

"मग न्हाई म्हनला असं धर. निकाहात गप बसलेल्या पोरीचा होकार धरत्यात, तेवढं एक पुरं झालं. मुडद्यालाबी तोच कायदा कशाला?"

१२ जानेवारी

फुफी म्हणते ते म्हणो. पण सत्य मोठं. सत्य मोठंच!

१५ जानेवारी

गफूरचाचांच्या दुकानापुढे बैठक. ओतूरवाले म्हणतात खान बुटका होता — एवढं एकच वाक्य मी सोडलं, आणि सगळे पेटले!

वलीचाचा — "खान घोड्यावर बसला की पाय भुईला लागायचे!"

मागून कोणीतरी — "मग घोडं तट्टू असंल, राव!"

गफूरचाचा (उंचीने माझ्या खांद्याला लागतात) छाती काढून उठले. "आमी थेट वंशज. हे हाड बघा!"

मग सगळेच वंशज निघाले. सव्वीस घरांनी संमतीच्या कागदावर अंगठे उठवले. खानापासूनची आमची चौदा पिढ्यांची नावं फुफीला पाठ — ती वंशावळ मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून जोडली. अम्मी अब्बांची चुलतबहीण, म्हणून दोन्ही बाजू भरल्या. पाहून मलाच माझा अभिमान वाटला.

२२ जानेवारी

प्रोफेसर जीपमधून आले. गोड माणूस. लोखंडी चिमट्याने सगळ्यांची डोकी मोजली. गफूरचाचांनी टोपी काढली — टक्कल आज पहिल्यांदा पाहिलं! सगळ्यांना लग्नघरासारखं वाटत होतं.

मग प्रोफेसर म्हणाले, "पण आत खानच आहे हे कशावरून? ताडून बघायला वंशजांपैकी कुणाची तरी हाडं लागतील. वीसेक वर्षांत गेलेलं कोणी? त्याशिवाय कबर उघडण्यात अर्थ नाही."

गफूरचाचांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

२३ जानेवारी

मोहल्ल्यात एकही वंशज उरला नाही!

गफूरचाचा — "आमी मुळात नगरकडचे."

वलीचाचा — "त्यो अंगठा माझा न्हाई."

मग कोणाचा?

"बोटाला शाई लागली व्हती. पुसली तिथं."

घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसले. अब्बाही हसले. फुफी मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत होती.

२४ जानेवारी

प्रोफेसरांनी माझी वंशावळ समोर पसरली. "सगळ्यात भरवशाची हीच. तुमच्या आई दोन्हीकडून खानाच्या वंशातल्या. त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

अठरा, मी म्हणाले.

"उत्तम." पेन्सिलीने अम्मीच्या नावाभोवती गोल केला. "उद्या कबर दाखवा. तुमच्या वडिलांची हरकत नसेल ना?"

अब्बांना विचारलं. ढवळणं थांबवून म्हणाले, "तू शिकलीस. तुझ्यावर सोडलं."

मी चार वर्षांची होते. तिचा आवाज आठवत नाही. खानाच्या बायकोला, मुलीला तरी कोण विचारायला गेलं होतं? मी तर नाही.

२५ जानेवारी

कबरस्तानात प्रोफेसर पाऊण तास थांबले. आईंची कबर कुठली, दहादा विचारलं. "लहान होते, आठवत नाही," मी म्हणाले. सहायकाची जागा गेली. त्यांनी हळहळून वंशावळ परत दिली.

जीप नारायणगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी अम्मीच्या कबरीच्या उशाशीच उभी होते.