शैलाची दाढ आणि बिनसुईचं इंजेक्शन

३ जानेवारी
आजवर या हातांनी केलेलं: डाळिंबाच्या फवारणीचे पितळी नोझल, एकट्यानं ढकलायचा पंप, शेजारच्या तात्यांची तीनचाकी, घरातली पिठाची चक्की (मोटार तेवढी विकतची). आयटीआय नाही, सर्टिफिकेट नाही. लेथवरच्या माणसाचे हात बघत शिकलो. आज यादीत एक ओळ वाढवायची ठरवलंय.

शैलाला बारामतीत दाताच्या कांबळे मॅडमकडं नेलं. खालची दाढ किडलेली, काढायचीय. सुई दिसली आणि आमची बायको खुर्चीतून उठून थेट रस्त्यावर. चपला मागून मी आणल्या.

मॅडम म्हणाल्या, परदेशात बिनसुईचं यंत्र मिळतं. स्प्रिंगच्या जोरानं औषधाची बारीक धार हिरडीत शिरते. व्हिडिओ दाखवला. दाब, नोझल, धार. अहो, हे तर माझंच काम!

९ जानेवारी
पहिला नमुना तयार. निळीचं पाणी भरलं, बटाट्यावर टेकवून घोडा दाबला. बटाटा कोरडा, माझा चष्मा निळा. मेव्हणा बाळू वरकुट्याहून पंप दुरुस्तीला आलेला. "दाजी, अक्काची दाढ बधिर करायचीय का तिच्यावरचे फुलकिडे मारायचेत?"

बरोबर बोलला. सवयीनं हात गेला. नोझलमागं पाणी फिरवणारी चकती बसवली होती. बागेत धुकं पडावं म्हणून ती लागते. इथं धुकं नको, धागा पायजे.

१७ जानेवारी
चकती काढली. भोक केसाएवढं, आतून आरशासारखं घासलं. खाटकाकडून बोकडाचा जबडा. टक्! हिरडी कापून बघितली: निळा ठिपका खोल आत, वर नुसता बिंदू. मोठ्यानं ओरडलो. शैला धावत आली, "काय झालं? बोट गेलं का?" मग जबडा दिसला. "ह्यो माझ्या परातीत ठिवलाय व्हय?"
तिच्याच.

१९ जानेवारी
दवाखाना. मॅडमनी स्वतः जबड्यावर चालवून बघितलं. दोनदा. "दत्ताराव, धार सरळ आहे. पण माणसाच्या तोंडात नाही." धातूची तपासणी, निर्जंतुक करणं, डेंटल कॉलेजच्या समितीची परवानगी, सगळं बाकी. ते समजतं मला. पुढचं मनाला लागलं. खालच्या मागच्या दाढेची नस खोलवर असते, ही धार तिथवर पोचत नाही. वरच्या दातांना चालेल, किंवा सुई टोचायची जागा आधी बधिर करायला.
म्हणजे जिच्यासाठी केलं, तिच्याच दाढेला... असो. जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी
गाल सुजला. मॅडमनी गोळ्या दिल्या, सूज उतरली की काढू म्हणाल्या. शैला ऐकेना. "तुमचं यंतर हुईस्तवर थांबते मी. माझा भरवसा हाय." एवढं मोठं सर्टिफिकेट जन्मात कुणी दिलं नव्हतं, आणि ते मलाच परत करायचं होतं. म्हणालो, तुझ्या दाढेला ते चालत नाही. सुईच घ्यावी लागंल.
"मग क्येलं कशाला?"
"वरच्या दातांना चालतं."
"माझे वरचे चांगले हायत!"

२ फेब्रुवारी
निघाली दाढ! आधी हिरडीला जेल, मग सुई. शैलानं माझं मनगट धरलेलं, नखं उमटलीत. पण तिथं उभ्या उभ्या एक कळलं. सुई टोचली तेव्हा ती हललीसुद्धा नाही. घाबरली ती सुई येताना दिसली तेव्हा. आणि माझं यंत्र? हुबेहूब बंदूक! घोडा काढायचा. पेनासारखं करायचं, बटण वरच्या टोकाला. टक् आवाजाला आत चामड्याचा वायसर. बसस्टँडवर तिकिटाच्या पाठीवर चित्र काढलं. शैला गालावर बर्फ धरून, बोबड्या बोलीत, "आता घरी तरी चला."

१५ फेब्रुवारी
पेन तयार. बोटांत बसतं, आवाज चुटकीएवढा. मॅडमनी कॉलेजला पाठवायचा अर्ज भरला. बनवणारा: माझं नाव, पूर्ण. शिक्षण: 'स्वतः शिकलो'. मॅडमनी वाचलं, खोडलं नाही.

२३ फेब्रुवारी
दवाखान्याचं सामान विकणारा इंदापूरचा व्यापारी आला. पेन, नकाशे, सगळं हवंय. वर नाव त्याचं. "पुढच्या महिन्यात दुकानात लावतो."
"आणि तपासणी?"
"राव, बोकडाला चाललं न्हवं?"
शैलानं चहा पुढं ठेवला. "मग बोकडालाच विका."
कॉलेजचं उत्तर नाही. होकार येईल का, मॅडमनाही सांगता येत नाही. व्यापाऱ्याला नको म्हणालो. चार लाख देत होता, रोख.