कडूबाईचा वली

तीर्थरूप साखराअक्कास धाकट्या आश्रुबाचा दंडवत. दाजींचा गुडघा आता कसा हाय ते कळवावं. इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहवतो. मानमोडीच्या तापातून जे उरले ते खुशाल हायत. (लिहून देणारे मास्तर म्हणतात, पत्रात असं लिहू नये. म्हणलं, लिहा.)

त्या गुडघ्यापायी तुला भामाच्या दिवसांना येता आलं न्हाई, म्हणून पुढचं सांगतो. आधी सटवादाजी गेले, मागोमाग आपली भामा. राहिली त्यांची एकटी लेक कडू, दुधाचे दात पडायच्या वयाची, आणि तिच्या नावाची विहिरीखालची काळी जमीन. पोरीला धड रडूबी न देता थोरला चुलता सुग्रीव तिला खांद्यावर टाकून घेऊन गेला. (भामा तापानं फणफणली तवा हाच दाराशी आला नव्हता. ताप लागतो म्हणाला. जमिनीला ताप नसतो.) मग सटवादाजींचा चुलतभाऊ राधाकिशन तिला गूळ दाखवून आपल्या घरी घेऊन गेला. एका घरी न्हाणं, दुसऱ्या घरी जेवण. आईबाप मेलेलं लेकरू इतकं लाडात मी कधी बघितलं न्हाई.

शेवटी वाद माजलगावच्या कचेरीत गेला. मी नुसता पोरीला भाकर द्यायला गेलतो. एका हाताला सुग्रीव, दुसऱ्याला राधाकिशन, मधी कडू, जिकडून हिसका बसंल तिकडं कलणारी. तहसीलदार उर्दूत बोलले, त्यांच्या पेशकार कारकुनानं मराठीत सांगितलं: पोरीला वली, म्हणजे पालक, नेमायचा हाय. भावांच्या वाटण्या आधीच झाल्यात, तवा जमीन पोरीची. ती मोठी होईस्तोवर वलीनं जमीन विकायची न्हाई, गहाण टाकायची न्हाई, पिकाचा हिशेब दरसाल कचेरीत द्यायचा. पोरीला मात्र खाऊ घालायचं आणि लग्न लावून द्यायचं.

सुग्रीवनं हात सोडला. त्याला पाठीचं जुनं दुखणं आठवलं. राधाकिशन म्हणाला, "लेकरू आजोळीच शोभतं." (त्यानंबी हात सोडला.) दोन्ही हात मोकळे झाल्यावर कडूनं नाक पुसलं.

"और कोई?" तहसीलदार म्हणाले.

"मी हाय, साहेब. मामा हाय," म्हणलो आणि अंगठा दिला.

येताना गाडीत तिनं इचारलं, "मामा, वली म्हंजी काय?"

"सांभाळतो तो."

तिनं भाकरीचं फडकं गाठ मारून बांधलं. मग म्हणाली, "मायला तिकडं कोण वली हाय?"

मी बैलांना उगाच चाबूक मारला. त्यांचा काही गुन्हा नव्हता.

असो. दाजींना दंडवत, लेकरांना आशीर्वाद.

तुझा आश्रुबा

ता. क. कडूला या पत्राच्याच गाडीनं दिंद्रुडला तुझ्याकडं धाडतोय. चार दिवस ठेव. पेरणीची घाई हाय, दुसरं काही न्हाई.

आणखी एक: पोरगी थोडं खाती. (हे खोटं हाय. लई खाती. पण कुरकुर करत न्हाई.)

लिहिणाऱ्याची पुस्ती: साखराबाई, एवढं मी त्यांना न विचारता लिहितो आहे. पेरण्या कधीच उरकल्या. आश्रुबा परवापासून तापानं ओसरीवर पडून आहेत. मी अंगणात बसून त्यांचं बोलणं उतरवून घेतलं. पोरीला त्यांनी जवळ येऊ दिलेलं नाही, म्हणून ती माझ्या घरी आहे. चार दिवसांसाठी म्हणून त्यांनी तिचे सगळे कपडे बांधायला लावले. वली म्हणून तुमचं नाव लावावं, असा कचेरीचा अर्जही आज सकाळी अंगठा उठवून माझ्याकडे दिला आहे.