न बोलणारी स्कूटर

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

आली एकदाची! पांढरी, बॅटरीवर चालणारी. खोपटच्या शोरूममधून स्वतः चालवत आणली. जुनी पेट्रोलची तिथेच बदल्यात दिली. शोरूमचा दिपेश म्हणाला, काका, आवाज नाही याची सवय व्हायला वेळ लागेल. म्हटलं, बाबा रे, जन्मभर पत्रकार परिषदांना बसलोय, मला कसली अडचण!

दुपारी पूजा. वर पाटावर माझा लॅपटॉप आणि आमच्या सौ. जयाचा तंबोरा, खाली स्कूटरला झेंडूचा हार. तंबोऱ्यालाही हार घातला तिनं, पण खोळ काढली नाही. गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा राहिला, आणि बाईंनी जाहीर केलं – गाणं संपलं, हा आवाज कुणाला ऐकवायचा नाही. इतक्या वर्षांची तालीम! मी विषय काढला की उठून आत जाते.

तेव्हा आता घरात मौनी दोन. एक तंबोरा, एक स्कूटर. भरपाईला मी आहेच.

४ ऑक्टोबर, शनिवार

शब्द हा आकाशाचा गुण, असं न्यायशास्त्र सांगतं. नौपाड्याच्या आकाशाला हा गुण जरा जास्तच झाला होता. माझी त्यातली भर आता शून्य.

गोखले रोडच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून पाहिलं. "बंद पडली काय?" तेवढ्यात हिरवा लागला आणि मी पुढे. वेगळं उत्तर द्यावं लागलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी विठ्ठलराव पार्किंगमधल्या माझ्या चार्जरभोवती प्रदक्षिणा घालून गेले. आग लागेल का, विचारत होते. मग हळूच – कितीला पडली?

७ ऑक्टोबर, मंगळवार

घरात भलतीच अडचण. जुनी स्कूटर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली की तिची फटफट आमच्या स्वयंपाकघरात पोचायची आणि मी दोन जिने चढेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. आता लॅच उघडून आत येतो तर चहा नाही, आणि जया दचकून हॉलच्या मधोमध उभी, हातातला फोन घाईनं बंद करत.

आज रागावलीच. म्हणाली, माणसानं घरी यायची काही रीत असते, निघताना फोन करत जा. म्हटलं, राजेलोकांच्या पुढे चोपदार ललकारत जायचे म्हणे.

"मग ठेव एखादा. पेट्रोलचे वाचलेत ना?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

फजिती. लिहू नये, पण इथे कोण वाचतंय!

डोंबिवलीला मानपाड्यात काळुराम पाटलांकडे बातमीसाठी गेलो. पूर्वी त्यांची तिथे भातशेती होती, आता गाळे आहेत. त्यातल्या एका मोकळ्या तुकड्यावर त्यांनी बॅटरीवरच्या टेम्पोंसाठी चार्जिंगची सोय केलीय. अशा विषयावर लिहिणारा माणूस त्यांच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर स्कूटर ढकलत पोचला! रात्री चार्जर लावला होता. पण वर जाताना सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीतून निघालं की दिवा मालवायचा, हे आमच्या पिढीच्या हाडात आहे. सकाळी बॅटरीचा आकडा बघायचा, तर मी नव्या गाडीची काच पुसत होतो.

पाटील दिलखुलास हसले, स्कूटर टेम्पोंच्या रांगेत लावली आणि मला जेवायला बसवलं. सोड्यांची खिचडी. माझ्या वार्तांकनाची निष्पक्षता तिथेच संपली.

निघताना स्कूटरभोवती फिरून म्हणाले, "कय भाऊ, गारी मुकी हाय तुमची." आतून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणली. बैल विकले, शेतं गेली, घंटा राहिल्या. "बैल बांधावर आलं का आमची आय चुलीवरचा भात उतरवाची. घरच्यांना कललं पायजे, कोन येतंय."

आभार मानून डिकीत टाकली. एवढे पैसे मोजून शांतता घ्यायची आणि तिच्या गळ्यात घंटा बांधायची? छे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

महापालिकेतली बैठक रद्द. चारलाच परतलो. फोन करायचा विसरलो.

पहिल्या जिन्यावर तंबोऱ्याचा आवाज. खरा नव्हे, फोनमधला. आणि त्यावर जया.

भीमपलास. आवाज घोगराच आहे. वरच्या षड्जाला जाताना फाटतो. ती थांबत होती, खालून पुन्हा चढत होती, त्याच जागी पुन्हा फाटत होता. पुन्हा खालून. मी हेल्मेट पोटाशी धरून कठड्याला टेकून उभा.

मग एकेक कळत गेलं. हातातला तो फोन. तो चहा! जुनी स्कूटर गिरणीपाशी आली की ही गाणं आवरून ओट्याशी जात असणार – वर्षभर. गाणं संपलेलं नव्हतंच. फटफटीच्या आड जपून ठेवलं होतं, आणि तो आडोसा मी दसऱ्याला हार घालून, पेढे वाटून काढून टाकला.

पाऊल न वाजवता खाली उतरलो. स्कूटरवर बसून फोन लावला. "निघतोय गं ऑफिसातून." मागे विठ्ठलराव गाड्या धुणाऱ्याला पाण्यावरून झापत होते. "बरं," म्हणाली.

ऑफिसातून यायला लागेल तेवढा वेळ पार्किंगमध्ये बसून काढला. वर गेलो. चहा उकळत होता. पिताना एकही विनोद सुचला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी घंटा हँडलखाली बांधली. मुद्दाम वाजवायला नको, आमच्या गल्लीतले खड्डे ते काम करतात. गिरणीपासून दारापर्यंत टणटण. गिरणीतली बायामाणसं बाहेर येऊन बघून गेली. दिसायला शोभत नाही, शांततेचे पैसे पाण्यात. तरी बरं वाटलं.

संध्याकाळी जया खिडकीत. वर आल्यावर तिनं विचारलं, तुझ्या त्या शांततेचं काय झालं? म्हटलं, हौस फिटली. समोर चहाचा कप ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"काल तू ऑफिसातून फोन केलास ना?"

"हो."

"विठ्ठलराव तुमच्या ऑफिसात काय करत होते?"

मी चहा बशीत ओतला. ती आत गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गिरणीपाशी वळलो. घंटा कालपेक्षा जास्तच वाजली. खिडकीत कुणी नव्हतं.

जिना चढलो. चहा तयार नव्हता. तंबोऱ्याची खोळ खुर्चीवर पडली होती. गाणं थांबलं नाही.