दरवेळी डावाच वरून

प्रिय साक्षी,

तर आज सकाळीच टपकली ती शेजारची बनाबाई. शेळ्या सुनेच्या गळ्यात टाकून आली. चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच मागून रूपाबाई. दोघींना एकच खबर पाहिजे, जनकाबाईची नात पुण्यात एवढी वर्षं काय शिकून राहिली? नोकरी न्हाई, लगीन न्हाई. गणित करते म्हटलं, तर रूपाबाई म्हणते, गणित तर आमच्या बंटीलाबी हाय, पाचवीत हाय त्यो.

मला राग न्हाई आला, हसूच आलं. उठले, जुन्या लुगड्यांच्या सहा पट्ट्या फाडल्या, लाल, पिवळी, हिरवी, अशा तीन-तीनच्या दोन जुड्या, अन् खाटेला बांधल्या. मे महिन्यात तू माझ्या केसांवर दाखवलंस ना, तेच. एका जुडीत आधी डावीकडचे दोन पेड एकमेकांवरून न्यायचे, मग उजवीकडचे दोन, मग पुन्हा डावीकडचे. दुसऱ्या जुडीत उजवीकडून सुरुवात. ओढून सारखं केलं की दोन्ही गुंफणी एकच. एकेक पेड म्हणजे एकेक कण धर, तीन कण धडकले तर आधी कोणाची गाठ कोणाशी पडली यानं शेवट बदलत नाही, म्हणालीस. असा नियम धरायचा अन् त्याच्यावर कणांची अख्खी चाल रचायची, म्हणजे तिचं गणित शेवटपर्यंत सुटतं. एवढं मला समजलं बाई, पुढचं तुझं तुला.

दोघींना म्हटलं, घाला तुमीच. तर गुंफणी निघाल्या वेगवेगळ्या! रूपाबाई टाळी वाजवून म्हणते, चुकली गं तुझी नात, सगळी वर्षं पाण्यात. सोडलं, पुन्हा घातलं, पुन्हा तेच. चहा उतू गेला, कोणाचं ध्यान न्हाई. मग माझी नजर बनाबाईच्या बोटांवर गेली. जन्मभर लेकीसुनांच्या वेण्या घातलेला हात तो, एकदा डावा पेड वरून नेतो, एकदा उजवा. अगं वेणी न्हाई घालायची, म्हटलं, दरवेळी डावाच वरून! घातलं, ओढलं, अन् बराबर एकसारखं आलं. बनाबाई हात लावून लावून बघून राहिली. रूपाबाईनं तर स्वतःच सोडून पुन्हा घातलं, माझ्यावर भरवसा न्हाई म्हणून.

परवा तू तुझ्या बापाशी, धम्मानंदाशी, फोनवर बोललीस, त्याच्या फोनचा आवाज मोठा, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. तुझं काम जगात दहा माणसांनाबी समजत न्हाई, छापायला धाडलेलं परत आलं, आता शिक्षण सोडून गावी साखऱ्याला येते म्हणालीस. तुझा बाप बरं म्हणाला. मला रातभर झोप न्हाई लागली. ये की गं, घर तुझंच हाय, पण असं हरून येऊ नको, एवढ्यासाठी हे पत्र. त्या दहांत आता आमी तिघी धर. अन् जाता जाता रूपाबाईनं उंबऱ्यातून विचारलं, चार पेड घेतले तर गं? आमच्या साक्षीला विचारते म्हटलं. फोन जवळ ठेव, लेकरा. रविवारी येतो म्हणाल्यात दोघी, पट्ट्या घेऊन.

चौथा पेड फाडून बसलेली, तुझीच
आजी