जास्तीची निळी रेघ

३ ऑक्टोबर १९९४
भाईंदरच्या खाडीलगत मत्स्यशेतीच्या प्रयोगशाळेत आजपासून नोकरी. बारावी नापास असूनही अक्षर आणि शुद्धलेखन पाहून सरांनी घेतले. माशांच्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या. खोली तळ्यांपाशीच, राखणदार धाकूकाकांच्या शेजारी. त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकूंनी, लगेच ताट वाढले. म्हणाल्या, भाऊ, तुमच्या बरगड्यांवर कपडे वाळत घालता येतील, खा!

६ ऑक्टोबर
सरांनी पद्धत शिकवली. जेलीच्या पातळ थरात रक्त भरून वीज सोडली, की त्यातली प्रथिने वेगळी होतात. रंग दिल्यावर निळ्या रेघा उमटतात. आजारी जिताड्याच्या रक्तात एक रेघ जास्त. असा मासा वर येऊन तोंड उघडतो, मग कुशीवर पडून गोल फिरतो, मग मरतो. तीन तळी गेली. चौथे अजून चांगले आहे.

१४ ऑक्टोबर
चौथ्यातही रेघ आली. पण माल उद्या शांती नगरच्या बाजारात जायचा आहे. सरांनी चिठ्ठी लिहायला लावली: तळे ४, निरोगी. मी अडखळलो, तर म्हणाले, तुला हातासाठी ठेवलंय, डोक्यासाठी नाही.
अक्षर छान आले.

१५ ऑक्टोबर
काकूंनी चौथ्या तळ्यातला जिताडा आणून कालवण केले. म्हणाल्या, भाऊंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. धाकूकाका दोनदा जेवले.
मीही जेवलो.

२१ ऑक्टोबर
धाकूकाका तळ्याकाठी तोंड उघडून उभे. हाक मारली, ऐकले नाही. काकू म्हणतात, ऊन लागलं असेल.

२३ ऑक्टोबर
काका अंगणात, एका कुशीवर. फिरत होते. आम्ही दोघांनी धरले तरी — दुपारी गेले. डॉक्टरांनी कारण लिहिले: फिट आली.

२४ ऑक्टोबर
ताकदीचे इंजेक्शन सांगून काकूंचे रक्त घेतले. माझेही. दोनदा तपासले. रेघ आहे. दोघांच्याही —

२५ ऑक्टोबर
काकूंनी विचारले, भाऊ, मासा चांगला होता ना. मी हो म्हणालो.

२६ ऑक्टोबर
काकू पाण्याच्या पिंपापाशी. तोंड उघडे. माझेही मिटत नाही —
उद्या तपासणीला मत्स्यखात्याचे साहेब येणार. मासा खाणारा माणूस ठणठणीत, असा कागद सरांना हवा. माझ्या रक्ताची नळी समोर ठेवली. लिही म्हणाले.
खोली फिरते आहे. अक्षर अजून सरळ —
नमुना: नीलेश. निरो